३०९चा पीक रोज खाली का यायचा

सकाळी प्लाझ्मा जेट चालू केला की त्याच्या प्रकाशाच्या स्पेक्ट्रममध्ये ३०९ नॅनोमीटरला ओएच रॅडिकलचा पीक मस्त उंच यायचा, आणि दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत तो अर्ध्यावर आलेला असायचा. व्होल्टेज तेच, फ्लो तोच, प्रकाश गोळा करणारा फायबर हललेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत उंच. जवळजवळ दोन महिने हे असंच चाललं होतं आणि तोपर्यंत घेतलेला सगळा डेटा नक्की कशाचा आहे हे मला सांगता येत नव्हतं. ते कसं सुटलं ते लिहायचंय, पण त्याआधी थोडं मागून सुरुवात करते, नाहीतर नुसतं ३०९, ३३७, ३९१ असे आकडेच दिसतील.

प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला चमकता गॅस, म्हटलं की बहुतेकांना व्हॅक्यूम चेंबर, पंप असं काहीतरी डोळ्यासमोर येतं. अ‍ॅटमॉस्फेरिक प्रेशर प्लाझ्मा जेटला ह्यातलं काहीच लागत नाही. माझ्याकडे होती आतून २ मिलिमीटर व्यासाची क्वार्ट्झची नळी, तिच्यावर बाहेरून तांब्याच्या पट्टीची दोन कडी, एकाला २० किलोहर्ट्झचं ५-६ किलोव्होल्टचं हाय व्होल्टेज, दुसरं ग्राउंड, आणि आतून मिनिटाला २ लिटर हेलियम. एवढ्यावर नळीच्या तोंडातून तीनेक सेंटिमीटर लांब, फिकट जांभळी, सुईसारखी निमुळती काडी बाहेर उघड्या हवेत येते. पहिल्यांदा दिवे घालवून ती बघितली तेव्हा मी खरंच काही वेळ काही बोललेच नाही. त्यात इलेक्ट्रॉन काही इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे, म्हणजे दहा हजार अंशांच्याही वरचे, पण गॅस मात्र जवळपास खोलीच्या तापमानालाच. जखमांवर वापरायचा विचार ह्याच गोष्टीमुळे आला, कातडी न भाजता ओएच, अणुरूप ऑक्सिजन, नायट्रिक ऑक्साइड असे रॅडिकल, म्हणजे चटकन रासायनिक क्रिया करणारे कण, थेट पोचवता येतात. मग ते किती पोचतात, हा प्रश्न आला, आणि माझं काम तिथून सुरू झालं.

मोजायचं कसं? त्या काडीत कुठलाही धातूचा प्रोब घातला की डिस्चार्जच बदलतो, प्रोबकडे ओढला जातो. म्हणून प्रकाश. ऑप्टिकल एमिशन स्पेक्ट्रोस्कोपी, सगळे ओईएसच म्हणतात. फायबर बाजूला उभा करायचा, स्पेक्ट्रोमीटरला जोडायचा, झालं. जेटला हातही लागत नाही. पहिला स्पेक्ट्रम पाच मिनिटांत मिळाला आणि तो इतका भरगच्च होता की आता सहा महिन्यांत काम उरकेल असं मला मनापासून वाटलं होतं.

त्या पहिल्या स्पेक्ट्रममध्ये काय काय होतं ते सांगते, कारण हेलियम जेट कोणाचाही असो, थोड्याफार फरकाने हेच दिसतं. ३०९ला ओएच. ३३७.१, ३५७.७, ३८०.५ला नायट्रोजनच्या रेणूच्या बँडचा एक संच, त्याला सेकंड पॉझिटिव्ह सिस्टिम म्हणतात. ३९१.४ आणि ४२७.८ला नायट्रोजनचा आयन. ६५६.३ला हायड्रोजन अल्फा. ५८७.६, ६६७.८, ७०६.५ला हेलियम. ७७७ला ऑक्सिजन. हेलियम सोडलं तर आत आपण काहीच सोडलेलं नाही, बाकीचं सगळं आजूबाजूच्या हवेतून नाहीतर गॅसमधल्या अशुद्धीतून आलेलं. मी एक मोठा तक्ता केला, कुठली लाईन किती उंच, आणि सरांना दाखवला, की बघा सर, ३९१ सगळ्यात उंच आहे, म्हणजे नायट्रोजनचे आयन सगळ्यात जास्त आहेत.

सर तक्त्याकडे बघत म्हणाले, "हो, पण ही लाईन पेटवली कोणी?"

मला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "अगं, तुला दिसतंय ते फक्त पेटलेलं. न पेटलेले किती आहेत ते ह्यातून कुठे कळतंय? आधी कोण पेटवतं ते शोध."

हे वाक्य पुढे दीड वर्ष पुरलं. एमिशनमध्ये आपल्याला दिसतात ते फक्त ऊर्जेच्या वरच्या लेव्हलला गेलेले कण, खाली उतरताना प्रकाश सोडणारे. ते तिथे कोणाच्या धक्क्याने गेले, आणि प्रकाश सोडण्याआधीच दुसऱ्या कोणाला धडकून किती विझले, ह्या दोन्ही गोष्टी त्या पीकच्या उंचीत मिसळलेल्या असतात. ३९१चंच बघा. हेलियमची मेटास्टेबल अवस्था, म्हणजे ऊर्जा चटकन न सोडता टिकून राहणारी, १९.८ इलेक्ट्रॉनव्होल्टवर असते, आणि नायट्रोजनचा रेणू आयन करून वर ३९१ सोडणाऱ्या लेव्हलला न्यायला साधारण १८.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणजे एक मेटास्टेबल हेलियम नायट्रोजनला नुसता धडकला तरी काम होतं, जोरदार इलेक्ट्रॉनची गरजच नाही. ह्याला पेनिंग आयनायझेशन म्हणतात. त्यामुळे ३९१ उंच असणं हे हेलियमचे मेटास्टेबल आणि हवेतला नायट्रोजन जिथे भेटतात त्या जागेबद्दल जास्त सांगतं. फायबर नळीच्या तोंडापासून एकेक मिलिमीटर पुढे नेत गेले तर ३९१ आधी वाढतो आणि मग काडी संपता संपता पडतो, हेलियमच्या लाईन मात्र तोंडापासूनच उतरत जातात. तो ग्राफ बघितल्यावर मला सरांचा प्रश्न पहिल्यांदा नीट कळला.

मग एक भलतीच लाईन मिळाली, ६७४ला. ६६७.८चा हेलियम शेजारीच होता त्यामुळे आधी लक्ष गेलं नाही. शोधाशोध केली, नायट्रोजनच्या फर्स्ट पॉझिटिव्ह सिस्टिमचे बँड त्या भागात पडतात, म्हणून तसं लेबल लावून टाकलं. आमच्या लॅबमधल्या सीनियर दादाने ते बघितलं आणि एकच गोष्ट सांगितली, ३३७.१ला दोनने गुण. ६७४.२. स्पेक्ट्रोमीटरमध्ये प्रकाश रंगांत फोडणाऱ्या ग्रेटिंगवरून दुसऱ्या ऑर्डरमध्ये, म्हणजे दुप्पट वेव्हलेंथच्या जागी, परत आलेला तोच सेकंड पॉझिटिव्हचा पीक होता. खात्री कशी करायची तर ४५० नॅनोमीटरच्या खालचं सगळं अडवणारी पिवळसर फिल्टर काच फायबरसमोर धरायची. धरली. ६७४ गायब, ६६७.८ आणि ७०६.५ जागच्या जागी. त्या दिवसापासून ५५० नॅनोमीटरच्या पुढची कुठलीही नवी लाईन दिसली की आधी तिचा अर्धा करून बघते. असाच एक घोळ ७०६चा. हेलियमची लाईन ७०६.५, आर्गॉनची ७०६.७, आणि आमचा छोटा स्पेक्ट्रोमीटर एक नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दाखवतच नाही, त्यामुळे हेलियममध्ये थोडा आर्गॉन मिसळला की हेलियमची लाईन वाढली असं दिसतं. वाढलेली नसते.

कॅलिब्रेशनबद्दल थोडक्यात. वेव्हलेंथसाठी मर्क्युरी-आर्गॉन दिवा, २५३.६५, ४०४.६६, ४३५.८३, ५४६.०७ ह्या ठरलेल्या लाईनवर बसवायचं, अर्ध्या तासाचं काम. इंटेन्सिटीसाठी मात्र अतिनीलमध्ये ड्युटेरियमचा दिवा आणि पुढे टंगस्टन हॅलोजनचा, आणि हे काम कंटाळवाणं आहे म्हणून टाळलं जातं, मीही टाळलं होतं. प्रकाश टिपणारा सेन्सर, सीसीडी, अतिनीलमध्ये कमी बघतो, ग्रेटिंगची स्वतःची आवड असते, फायबर तर खोल अतिनील प्रकाशात हळूहळू काळवंडत जातो. कच्च्या स्पेक्ट्रममध्ये ३०९ आणि ७७७ शेजारी ठेवून कोण जास्त असं म्हणणं म्हणजे दोन वेगवेगळ्या वजनकाट्यांवरचे आकडे एकमेकांशी तोलण्यासारखं आहे. माझे पहिल्या चार महिन्यांतले सगळे रेशो ह्या एका कारणाने परत काढावे लागले.

आता ३०९.

ओएच पेटतो तो मुख्यतः पाण्यामुळे. इलेक्ट्रॉन पाण्याच्या रेणूला धडकतो, रेणू फुटतो, आणि धडक साधारण ९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर असेल तर निघालेला ओएच पेटलेलाच निघतो. म्हणजे पीक खाली येतोय तर एकतर पाणी कमी होतंय, किंवा इलेक्ट्रॉन बदलतायत, किंवा माझं मोजमाप सरकतंय. पहिला संशय मोजमापावर, कारण तोच सगळ्यात सोपा. तापमानाने स्पेक्ट्रोमीटरचा डार्क सिग्नल, म्हणजे प्रकाश नसतानाही येणारा, बदलतो, म्हणून दर दहा मिनिटांनी डार्क घेतला. स्थिर. जेटच्या जागी दिवा ठेवून चार तास मोजलं. स्थिर. फायबरचा होल्डर घट्ट केला, लेन्स पुसली, काही फरक नाही. हाय व्होल्टेज प्रोब आणि करंट प्रोब लावून दिवसभर वेव्हफॉर्म साठवले, करंटमध्ये अगदी थोडा बदल होता, पण ३०९ अर्ध्यावर यावा एवढा नाही. ह्या सगळ्यात हाय व्होल्टेजच्या नॉइझमुळे स्पेक्ट्रोमीटरची यूएसबी मध्येच हँग व्हायची आणि तासभर चाललेली मोजणी वाया जायची, शेवटी लांब फायबर घेऊन स्पेक्ट्रोमीटर आणि लॅपटॉप दोन्ही लांबच्या टेबलावर नेले तेव्हा तो त्रास थांबला. कोणी नव्याने सुरू करत असेल तर हे पहिल्याच दिवशी करा.

मग मी सगळ्या लाईन वेळेबरोबर एकत्र काढल्या, आणि तिथे धागा मिळाला. ३०९ उतरत होता, त्याच्याबरोबर ६५६.३चा हायड्रोजन अल्फाही उतरत होता, आणि हेलियमची ७०६.५ जवळजवळ सपाट होती. इलेक्ट्रॉनच बदलत असते तर हेलियम एवढा शांत बसला नसता. ओएच आणि हायड्रोजन दोघांचं मूळ एकच, पाणी. म्हणजे पाणी कमी होतंय. पण कुठलं पाणी? काडी तर उघड्या हवेत, आणि हवेतली आर्द्रता रोज सकाळी वाढून दुपारी ठरलेल्या वेगाने अर्धी होत नाही. मी खोलीत आर्द्रता मोजणारं मीटर ठेवलं, दिवसभर दोन-तीन टक्क्यांच्या पुढे हललं नाही. मग फायबर काडीवरून उचलून नळीच्या आत, इलेक्ट्रोडच्या मधल्या जागेवर रोखला, जिथे बाहेरची हवा शिरूच शकत नाही. तिथेही ३०९ होता, आणि तिथेही तसाच उतरत होता.

म्हणजे पाणी सिलिंडरकडूनच येत होतं. पण सिलिंडर ९९.९९९ टक्के शुद्ध, सगळी अशुद्धी मिळून दहा लाखांत दहा भाग, त्यातलं पाणी आणखी कमी. आणि सिलिंडरमधलं पाणी दुपारी कमी का व्हावं?

दोन शनिवार-रविवार गेल्यावर एक गोष्ट लक्षात आली जी वहीत आधीपासून होती पण मी त्या नजरेने बघितलीच नव्हती. सोमवारची सुरुवात नेहमी सगळ्यात उंच. मधल्या दिवशी दुपारी तासभर बंद करून परत चालू केलं तर थोडीशीच चढलेली. म्हणजे गॅस न वाहता जितका जास्त वेळ गेला तितकं पाणी कुठेतरी साठतंय, आणि गॅस वाहिला की ते धुऊन निघतंय. सिलिंडर आणि जेटच्या मध्ये काय आहे? तीन मीटर निळी प्लॅस्टिकची पाइप. पॉलीयुरेथेनची, वाकते छान, जोडायला सोपी, सगळीकडे वापरतात. पण प्लॅस्टिक पाणी धरून ठेवतं, आणि नुसतं धरत नाही तर बाहेरच्या हवेतली वाफ भिंतीतून हळूहळू आतही येत राहते. रात्रभर पाइप ओली होत होती आणि सकाळी मी कोरडा हेलियम सोडून ती वाळवत होते आणि त्या वाळण्याचा आलेख काढत होते.

पाइप बदलून स्टीलची घातली. बारीक नळी, स्टीलच्याच फिटिंग, वाकवायला त्रास, दोन दिवस गेले. सुरू केलं. ३०९ सुरुवातीला थोडा उंच, दहा मिनिटांत खाली आला आणि मग तिथेच थांबला. मी तीन तास बसून राहिले त्याच्यासमोर. हलला नाही. एकूण उंची आधीच्यापेक्षा बरीच कमी होती, म्हणजे इतके दिवस मी जो ओएच मोजत होते त्यातला मोठा भाग पाइपच्या पाण्याचा होता. नंतर वाचताना कळलं की फीड गॅसमधल्या, म्हणजे जेटला पुरवलेल्या गॅसमधल्या, ओलाव्याने जेट किती बदलतो ह्यावर अगदी ह्याच धर्तीचा, वेगवेगळ्या नळ्या तपासून केलेला अभ्यास आधीच झालेला आहे. वाईट वाटलं थोडं, पण स्वतःच्या स्पेक्ट्रममधून तिथवर पोचल्याचा आनंद त्याहून जास्त होता. नळीच्या आत बघायची सवय तेव्हापासून राहिली. तिथे ३३७ दिसला की कुठेतरी फिटिंग सैल आहे आणि हवा शिरतेय, असं समजायचं. लीक शोधायला ह्यापेक्षा चटकन काही मला तरी मिळालेलं नाही.

ह्यानंतर तापमान. रेणू फिरतात, त्या फिरण्याच्या लेव्हल बँडच्या आकारात दिसतात, आणि वातावरणाच्या दाबाला टकरी इतक्या पटापट होतात की फिरण्याचं तापमान आणि गॅसचं तापमान लवकर एक होतं, असं गृहीत धरलेलं असतं. ३३७चा बँड मोजायचा, सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळ्या तापमानाचे बँड काढून बसवायचे, जो बसेल ते तापमान. ओएचसाठी लिफबेस वापरलं, नंतर मॅसिव्हओईएस, दोन्ही फुकट मिळतात. हेलियममध्ये ३३७वरून मला ३३० केल्व्हिनच्या आसपास आलं, काडीत फायबर ऑप्टिक तापमापक धरला तर त्यानेही जवळपास तेच सांगितलं. धातूचा थर्मोकपल इथे चालत नाही, हाय व्होल्टेज थेट त्याच्यातून वाहतं.

मग आर्गॉन लावला आणि ३३७वरून तापमान दोनशे अंशांनी वर गेलं. आर्गॉन हेलियमपेक्षा उष्णता कमी वाहून नेतो, त्यामुळे जेट थोडा गरम असणार हे मान्य, पण तापमापक एवढं काही दाखवत नव्हता. परत सरांचाच प्रश्न, पेटवलं कोणी? आर्गॉनच्या मेटास्टेबल ११.५५ आणि ११.७२ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहेत, आणि ३३७ सोडणारी नायट्रोजनची लेव्हल ११.०३ला. अगदी जवळ. आर्गॉन धडकतो, ऊर्जा देतो, आणि वर उरलेली अर्धा-पाऊण इलेक्ट्रॉनव्होल्ट रेणूला गरगर फिरवण्यात जाते. तो रेणू शांत व्हायच्या आत प्रकाश सोडतो किंवा विझतो, म्हणून बँड रुंद दिसतो आणि सॉफ्टवेअर इमानदारीत जास्त तापमान सांगतं. गॅस तेवढा गरम नसतो. ओएचच्या बँडमध्येही वेगळ्या कारणाने असंच होतं, फुटलेल्या पाण्यातून निघणारा ओएच जन्मतःच जोरात फिरत असतो, त्यामुळे बोल्ट्झमन प्लॉट, म्हणजे कुठल्या लेव्हलला किती रेणू आहेत त्याचा ग्राफ ज्याच्या उतारावरून तापमान निघतं, काढला तर एक सरळ रेघ येत नाही, दोन उतार येतात. खालच्या लेव्हलचा उतार गॅसच्या तापमानाच्या जवळ, वरच्या लेव्हलचा हजारो केल्व्हिनचा. सगळ्या बँडला एकच तापमान बसवलं की मधलंच काहीतरी येतं जे कशाचंच नसतं. मी आता आर्गॉनमध्ये फक्त ओएचच्या खालच्या लेव्हल वापरते, आणि कोणी नुसता एक आकडा सांगितला की कुठल्या लेव्हलवरून काढला ते विचारते.

इलेक्ट्रॉनची घनता काढायचा मोह प्रत्येकाला होतो, ४८६.१ची हायड्रोजन बीटा घ्यायची, तिची रुंदी मोजायची, स्टार्क ब्रॉडनिंगच्या, म्हणजे आजूबाजूच्या इलेक्ट्रॉन आणि आयनांच्या विद्युतक्षेत्राने लाईन रुंद होण्याच्या, सूत्रात टाकायची. माझा महिना गेला त्यात. घनमीटरला १०चा २१वा घात एवढे इलेक्ट्रॉन असतील तर स्टार्कची रुंदी ०.२ नॅनोमीटर, छान मोजता येते. पण २०वा घात असेल तर ०.०४, आणि माझ्यासारख्या हेलियम जेटमध्ये त्याहूनही कमी असतात. आमच्या अर्ध्या मीटरच्या स्पेक्ट्रोमीटरची स्वतःची रुंदीच ०.०८, त्यात हेलियमच्या अणूंमुळे येणारं व्हॅन डर वाल्स ब्रॉडनिंग पुन्हा ०.०४च्या घरात. कितीही सुबक फिट आला तरी त्यातून स्टार्क वेगळा निघत नाही. तो भाग मी प्रबंधातून सरळ काढून टाकला, आणि त्याबद्दल मला खंत नाही.

सगळ्यात सुंदर दिवस होते ते आयसीसीडी कॅमेऱ्याचे, जो काही नॅनोसेकंदांपुरताच उघडतो, त्यालाच गेट म्हणतात. तो आम्हाला दोन आठवड्यांसाठीच मिळाला होता. डोळ्याला सलग दिसणारी ती काडी सलग नसतेच. २००५मध्ये टेश्के आणि सहकाऱ्यांनी, आणि २००६मध्ये लू आणि लारूसी ह्यांनी दाखवलं की तो एक छोटा चमकता गोळा असतो जो नळीतून निघून हवेत धावतो, त्याला प्लाझ्मा बुलेट म्हणतात. वाचलं होतं अर्थात, पण ५ नॅनोसेकंदांचा गेट लावून, ५०-५० नॅनोसेकंदांनी पुढे सरकवत, स्वतःच्या जेटचा गोळा पुढे पुढे जाताना बघणं वेगळं. तीन सेंटिमीटर अंतर साधारण ६०० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाला ५० किलोमीटर. हेलियमचा स्वतःचा वेग माझ्या फ्लोला सेकंदाला जेमतेम साडेदहा मीटर. म्हणजे पुढे जातोय तो गॅस नाही, आयनायझेशनची लाट आहे. आणि एक गोळा गेल्यावर पुढचा ५० मायक्रोसेकंदांनी येतो, तेवढ्यात गॅस अर्धा मिलिमीटरच सरकलेला असतो, त्यामुळे आधीच्या गोळ्याने मागे ठेवलेले इलेक्ट्रॉन आणि आयन जवळपास जिथल्या तिथे असतात आणि पुढच्याला तयार वाट मिळते. दर वेळी गोळा त्याच वाटेने का जातो हे मला त्या आकड्यांवरून समजलं. समोरून कॅमेरा लावला तर तो भरीव गोळाही नव्हता, कडं होतं, मधे काळोख, जिथे हेलियम आणि हवा मिसळतात त्या रिंगणात उजेड. स्पेक्ट्रोमीटर सेकंदभर उघडा ठेवून मी मोजत होते ती अशा वीस हजार धावांची बेरीज होती.

शेवटचं वर्ष परत ओएचकडे गेलं, कारण मूळ प्रश्न तसाच होता, की एकूण ओएच किती. पेटलेला दिसतो, न पेटलेला नाही. म्हणून अ‍ॅब्सॉर्प्शन केलं. ३०८ नॅनोमीटरच्या आसपासची अतिनील एलईडी जेटच्या पलीकडे, स्पेक्ट्रोमीटर अलीकडे, खालच्या लेव्हलचे ओएच तो प्रकाश खातात. किती खातात? दोन मिलिमीटर जाडीत हजारातला एक-दोन भाग. प्रत्येक बिंदूला चार मोजण्या, जेट चालू एलईडी चालू, जेट चालू एलईडी बंद, दोन्ही बंद, आणि फक्त एलईडी, कारण जेटचा स्वतःचा ३०९ त्यातून वजा करावा लागतो. हजारो फ्रेम्सची सरासरी, एका बिंदूला चाळीस मिनिटं.

पाणी आता मी स्वतःच मिसळत होते, बबलरमधून, म्हणजे पाण्यातून गॅसचे बुडबुडे सोडणाऱ्या भांड्यातून. २० अंशांना पाण्यावरून गेलेल्या गॅसमध्ये साधारण २.३ टक्के वाफ असते, म्हणजे शंभरातला एक भाग हेलियम बबलरमधून फिरवून परत मिसळला की २३० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत २३० भाग. शून्यापासून वर नेत गेले. एमिशनचा ३०९ आधी चढला, मग कललाच. पाणी आणखी वाढवलं तर तो उतरायला लागला. अ‍ॅब्सॉर्प्शन मात्र उतरलं नाही, चढच कमी होत गेला आणि मग सपाट झालं. म्हणजे जेटमध्ये ओएच भरपूर आहे आणि त्याच वेळी त्याचा उजेड कमी होतोय. पेटलेला ओएच एकटा सोडला तर साधारण ७०० नॅनोसेकंदांत प्रकाश सोडतो, पण पाण्याचा रेणू हा त्याला विझवण्यात फार पटाईत, तो त्याआधीच गाठतो. शिवाय पाणी वाढलं की इलेक्ट्रॉनचीही ऊर्जा त्यात खर्च होते, मग पेटवणारेच कमी.

दोन्ही वक्र एका कागदावर छापून सरांकडे नेले. त्यांनी बराच वेळ बघितले, एमिशनच्या वक्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, ह्यातला विझवण्याचा भाग किती आणि पेटवणारे कमी झाल्याचा किती, वेगळा करता येईल का? मी म्हटलं, ओएचचा उजेड विझायला किती वेळ लागतो ते प्रत्येक पाण्याच्या प्रमाणाला मोजलं तर येईल, पण त्याला परत गेट असलेला कॅमेरा लागेल. त्यांनी कॅमेऱ्यासाठी मेल टाकला. सध्या मी बबलरचं तापमान स्थिर ठेवायची सोय करतेय, कारण पाणी एका अंशाने गार झालं तरी वाफ सहा टक्क्यांनी कमी होते, आणि ह्या वेळी कॅमेरा आला की पहिल्या दिवसापासून मोजायचंय.